पाणथळ जागेतल्या मोजमाप-उपकरणांची देखभाल: सविस्तर मार्गदर्शक

पाणथळीत लावलेलं उपकरण एकदम बंद पडलं, तर ते सोपं प्रकरण असतं. आकडे यायचे थांबतात, कुणीतरी जाऊन बघतं, दुरुस्ती होते. खरा त्रास चालू असलेलं उपकरण हळूहळू बिघडतं तेव्हा होतो. ऑक्सिजनच्या सेन्सरवर शेवाळाचा पातळ बुळबुळीत थर बसतो आणि दिवसा त्या थरातलं शेवाळच ऑक्सिजन सोडायला लागतं. रात्री तोच थर ऑक्सिजन खातो. आलेखावर सुरेख चढउतार दिसतात, पण ते तळ्याचे नसतात, सेन्सरला चिकटलेल्या मिलिमीटरभर थराचे असतात. असा आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला शंकाही येत नाही.

म्हणून इथल्या देखभालीत साफसफाईइतकंच दुसरं एक काम महत्त्वाचं आहे: आकडा किती चुकला होता आणि कधीपासून, हे त्याच भेटीत मोजून ठेवणं. घाण पुसली की तो पुरावाही जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम याच एका गोष्टीभोवती लावला आहे.

निघण्याआधी

लॉगर (सेन्सरचे आकडे साठवणारं यंत्र) दूरवरून डेटा पाठवत असेल, तर आदल्या दिवशी मागच्या दोन आठवड्यांचा आलेख उघडून बघा. तीन गोष्टी शोधायच्या: एकाच आकड्यावर अडकलेली सपाट रेघ, अचानक घेतलेली उडी आणि पहाटेचा बॅटरी व्होल्टेज. काय बिघडलंय याचा अंदाज घेऊन निघालात, तर नेमका सुटा भाग सोबत असतो. नाहीतर चिखलातून तासभर चालून गेल्यावर कळतं की सेन्सरची काच पुसणाऱ्या वायपरचं ब्रश हवं होतं आणि ते कपाटात राहिलं.

पिशवीत काय असावं: मुदतीतली प्रमाण द्रावणं, म्हणजे ज्यांचा खरा आकडा आधीच माहीत आहे अशी (पीएच ४.०१, ७.०० आणि गरजेप्रमाणे १०.०१ ची, कंडक्टिव्हिटीचं, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या क्षमतेचं, तिथल्या पाण्याच्या आकड्याजवळचं एक), किमान ३ लिटर डिस्टिल्ड पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, जुना टूथब्रश, कापसाचे बोळे, धागे न सोडणारी फडकी, साधं भांड्यांचं द्रव साबण, सिलिकॉन ग्रीस, वेगवेगळ्या मापांच्या ओ-रिंग (पाणी आत जाऊ न देणाऱ्या रबरी कड्या), फ्यूज, केबल टाय, सिलिका जेल, मल्टिमीटर, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडची छोटी बाटली, मोजपट्टी, पेन्सिल आणि पाण्यात न फुगणाऱ्या कागदाची नोंदवही. पेन नको, ओल्या कागदावर शाई पसरते. शिवाय आदल्या दिवशी प्रयोगशाळेत कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाण द्रावणांशी जुळवून घेतलेला, एक हातात धरायचा मीटर हवाच. तो नसेल तर पुढच्या पद्धतीतला अर्धा हिशेब करता येत नाही.

प्रमाण द्रावणांच्या बाबतीत काटकसर करू नका. वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतायचं नाही. पीएच १० चं द्रावण उघड्या बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि त्याचा पीएच उतरतो. म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

एकट्याने जायचं नाही. वर गवत आणि खाली गाळ असेल तिथे खोली दिसत नाही. काठीने चाचपून मगच पाय टाका, कुठे चाललोय आणि किती वाजता परतणार हे मागे कुणाला तरी सांगून ठेवा. हातापायावर जखम असेल तर ती झाकूनच पाण्यात उतरा.

जागेवर पोचल्यावर पहिली १५ मिनिटं

या वेळेत कशालाही हात लावायचा नाही. आधी घड्याळातली वेळ लिहा. मग पातळीदर्शक पट्टीचा आकडा, हवामान, पाण्याचा रंग, तरंगणाऱ्या वनस्पती, जनावरांच्या पावलांच्या खुणा. फोटो काढा: संपूर्ण जागेचा एक, प्रत्येक उपकरणाचा एक.

उभं कुठे राहता हेही महत्त्वाचं. दलदलीची आणि पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) जमीन स्पंजासारखी दबते. पाणपातळी मोजायला जमिनीत रोवलेल्या विहिरीच्या पाइपाजवळ माणूस उभा राहिला तर आतली पातळी काही सेंटिमीटर वर येऊ शकते, आणि गाळात अडकलेले मिथेनचे बुडबुडे सुटतात ते वेगळेच. म्हणून फळ्यांची पायवाट सोडून उतरू नका. पायवाट नसेल तर रुंद फळी टाकून तिच्यावरून काम करा. वायू मोजणाऱ्या पेटीजवळ जाण्याआधी तिचं चालू मोजमाप संपू द्या.

मल्टिप्रोब सोंड: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

तापमान, कंडक्टिव्हिटी, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा एकत्र मोजणारी सोंड हा अशा जागेचा कणा असतो, आणि सगळ्यात आधी घाणही हिच्यावरच बसते. क्रम असा:

१. सोंड पाण्यातच असताना तिचे चालू आकडे लिहा. त्याच खोलीवर, शेजारीच, हातमीटर धरा आणि त्याचेही आकडे लिहा.

२. सोंड अलगद वर काढा. घाणीचा फोटो घ्या.

३. साफ करा (कशी ते पुढे दिलं आहे).

४. साफ केलेली सोंड परत त्याच जागी, त्याच खोलीवर सोडा. आकडे स्थिर झाले की पुन्हा सोंड आणि हातमीटर दोन्हीचे आकडे लिहा.

५. आता बाहेर काढून प्रमाण द्रावणांत तपासा. आधी फक्त वाचा आणि लिहा. कॅलिब्रेशनचं बटण अजून दाबायचं नाही.

६. चूक मर्यादेबाहेर असेल तरच कॅलिब्रेट करा आणि त्यानंतरचा आकडा लिहा.

७. पाण्यात परत सोडा, शेवटचे आकडे घ्या.

एवढा खटाटोप कशासाठी, ते एका उदाहरणातून बघू. साफ करण्याआधी सोंडेचा ऑक्सिजन ५.१ मिग्रॅ/लिटर होता, साफ केल्यावर ५.९ झाला. फरक ०.८. पण त्या अर्ध्या तासात ऊन वाढलं आणि खुद्द पाण्यातला ऑक्सिजनही थोडा वाढला. हातमीटरने तेव्हा ६.० आणि नंतर ६.१ दाखवलं. म्हणजे ०.१ वाढ पाण्याची, उरलेली ०.७ चूक घाणीची. मग कॅलिब्रेशनच्या कपात सोंडेने ८.२६ ऐवजी ८.०६ दाखवलं, तर ०.२ ही सेन्सरची स्वतःची सरक. एकूण चूक ०.९.

ही चूक मागच्या भेटीपासून आजपर्यंत हळूहळू वाढत गेली असं धरून डेटामध्ये दुरुस्ती करतात. भेटींमध्ये २८ दिवस गेले असतील, तर घाणीची दुरुस्ती पहिल्या दिवशी शून्य, चौदाव्या दिवशी ०.३५ आणि आज ०.७. मात्र आलेखात एखाद्या दिवशी स्पष्ट उडी दिसत असेल (वायपर अडकला, पुरात गाळ आला), तर दुरुस्ती त्या क्षणापासूनच लावायची, उगाच सरळ रेघ ओढायची नाही.

कधी दुरुस्ती करायची यासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या, म्हणजे यूएसजीएसच्या, मर्यादा बऱ्याच ठिकाणी वापरल्या जातात: तापमान ०.२ अंश सेल्सिअस, कंडक्टिव्हिटी ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंमी किंवा ३ टक्के यांतलं जे जास्त ते, ऑक्सिजन ०.३ मिग्रॅ/लिटर, पीएच ०.२, गढूळपणा ०.५ एकक किंवा ५ टक्के यांतलं जे जास्त ते. घाण आणि सरक मिळून चूक याच्या पुढे गेली की दुरुस्ती हवी. वरच्या उदाहरणातली ०.९ ची चूक मर्यादेच्या तिप्पट आहे.

साफ करताना

आधी जागेवरचंच पाणी ओतून सैल गाळ जाऊ द्या. सुका गाळ फडक्याने पुसलात तर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात आणि प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरचं ते नुकसान कायमचं असतं. मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. ऑक्सिजनच्या टोपीवर अॅसिटोन किंवा कुठलंही सेंद्रिय द्रावक वापरू नका, तिच्यावरचा चमकणारा रंगद्रव्याचा थर खराब होतो. तो थर नुसत्या पाण्याने आणि ओल्या मऊ फडक्याने साफ करायचा.

खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात शिंपले आणि चुन्याचे कवच चिकटतात. ते खरवडू नका. ५ टक्के अॅसिटिक आम्लात, म्हणजे साध्या व्हिनेगरमध्ये, तो भाग १० ते १५ मिनिटं बुडवा, कवच मऊ पडून सुटतं. त्यानंतर भरपूर पाण्याने धुवा.

तांब्याची जाळी किंवा तांब्याची पट्टी गुंडाळली की घाण बसण्याचा वेग कमी होतो. सल्फाइड असलेल्या पाण्यात मात्र तांबं काळं पडतं. तो काळा थर प्रत्येक भेटीत घासून काढा, नाहीतर पट्टी लावल्याचा फायदा उरत नाही.

एकेक सेन्सर

तापमान. सोंडेतला तापमापक जागेवर कॅलिब्रेट होत नाही, फक्त तपासता येतो. डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी थर्मासमध्ये घालून ढवळत राहा, ०.० अंशापासून ०.२ पेक्षा जास्त ढळला असेल तर सेन्सर बदलायचा. बाकीचे सगळे सेन्सर तापमानाच्या आकड्यावर आपली दुरुस्ती करून घेतात, म्हणून हा चुकला की सगळेच चुकतात.

कंडक्टिव्हिटी. प्रमाण द्रावणांत तपासताना हिचा नंबर पहिला ठेवा. पीएचच्या द्रावणांत क्षार खूप असतात. आधी पीएच केलात तर त्याचा थेंबभर अंशही कंडक्टिव्हिटीचा आकडा बिघडवतो. कोरड्या हवेत आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. मग १४१३ मायक्रोसिमेन्सच्या द्रावणाने (पाणी फारच मृदू असेल तर ८४ च्या) कप तीनदा विसळून चौथ्यांदा भरा. सोंड हळूच आपटून बुडबुडे काढा. आकडा अपेक्षेपेक्षा कमी येत असेल तर दहापैकी नऊ वेळा मोजणीच्या कप्प्यात बुडबुडा अडकलेला असतो. द्रावणावरचा आकडा २५ अंशांचा असतो, तापमान एका अंशाने बदललं की कंडक्टिव्हिटी सुमारे २ टक्क्यांनी बदलते. म्हणून मीटर २५ अंशांना दुरुस्त केलेला आकडा दाखवतोय की कच्चा, ते आधी बघा.

पीएच. कॅलिब्रेशनपेक्षा मिलिव्होल्ट जास्त खरं सांगतात. पीएच ७ मध्ये शून्याच्या २५ ते ३० मिलिव्होल्ट इकडेतिकडे चालतं. पीएच ४ मध्ये त्यापेक्षा सुमारे १७७ ने जास्त, १० मध्ये तितकंच कमी. एका पीएच एककामागे आदर्श फरक २५ अंशांना ५९.१६ मिलिव्होल्ट. तो ५५ च्या खाली गेला की इलेक्ट्रोड म्हातारा झाला म्हणायचं. साफ करून, पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवून पुन्हा बघा, सुधारला नाही तर बदला. कॅलिब्रेशन 'यशस्वी' झाल्याचा संदेश मीटर बऱ्याचदा मरणपंथाला लागलेल्या इलेक्ट्रोडलाही देतो. क्षार कमी असलेल्या पाण्यात पीएच स्थिर व्हायला १० मिनिटंही लागू शकतात, तेवढं थांबा. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात साठवायचा नाही, त्याच्या आतलं द्रावण बाहेर ओढलं जातं.

पाणथळीत आणखी एक दुखणं असतं. कुजलेल्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र सांध्यातून आत शिरतो आणि चांदीवर काळं सिल्व्हर सल्फाइड बसवतो. सांधा काळा दिसला, आकडा एकाच दिशेने सरकत राहिला, तर कितीही कॅलिब्रेट केलं तरी तो आठवडाभर टिकत नाही. अशा जागी दुहेरी सांध्याचा इलेक्ट्रोडच घ्या.

ऑक्सिजन. कॅलिब्रेशनच्या कपात तळाला ३ ते ४ मिलिमीटर पाणी घाला, टोपी कोरडी करा (तिच्यावर एकही थेंब नको), झाकण सैल ठेवा आणि सावलीत १५ मिनिटं थांबा. आतली हवा बाष्पाने पूर्ण भरली पाहिजे. समुद्रसपाटीच्या दाबाला, म्हणजे ७६० मिलिमीटर पाऱ्याला, गोड्या पाण्यात पूर्ण संपृक्त ऑक्सिजन २० अंशांना ९.०९, २५ अंशांना ८.२६ आणि ३० अंशांना ७.५६ मिग्रॅ/लिटर असतो.

इथली नेहमीची चूक दाबाची. हवामान खात्याच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, तो इथे वापरायचा नाही. जागेवर बॅरोमीटरने मोजलेला प्रत्यक्ष दाब हवा. दर १०० मीटर उंचीला दाब सुमारे ९ मिलिमीटरने उतरतो. ६०० मीटर उंचीवरच्या तळ्यात बातमीतला आकडा घातलात तर ऑक्सिजनमध्ये जवळपास ७ टक्क्यांची चूक कायमची बसते, आणि ती प्रत्येक भेटीत तशीच राहिल्यामुळे ओळखूही येत नाही.

पाणथळीत शून्याची तपासणी टाळू नका. रात्री तळाजवळचा ऑक्सिजन इथे शून्याला टेकतो, आणि शून्यच ०.६ दाखवत असेल तर मासे का मरताहेत याचं उत्तर चुकतं. ५०० मिली पाण्यात १० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि चिमटीभर कोबाल्ट क्लोराइड घाला. कोबाल्ट क्लोराइड विषारी आहे. हातमोजे घाला आणि उरलेलं द्रावण तिथे ओतू नका, परत आणा. द्रावण ताजं हवं, सोंड बुडवल्यावर आकडा ०.२ च्या खाली यायला हवा. नंतर सोंड दोन-तीनदा नीट धुवा.

गढूळपणा. वायपर फिरताना बघा. थांबल्यावर ब्रश काचेच्या बाजूला जायला हवं. काचेसमोरच थांबत असेल तर गढूळपणा सतत उंच आणि सपाट दिसतो. ब्रशात गाळाचे कण रुतले असतील तर ते दर फेरीला काच घासतं, अशा वेळी ब्रश बदलणंच स्वस्त पडतं.

सोंड परत जोडताना ओ-रिंग काढून पुसा आणि बोटावर घेतलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रीसने ती नुसती चमकेल इतपतच माखा. एक केस किंवा गवताची काडी अडकली तरी पाणी आत जातं. शेवटी उंची: सोंडेचं टोक तळापासून २० ते ३० सेंमी वर राहिलं पाहिजे. गाळ साचत जातो, म्हणून हे अंतर दर भेटीत मोजा. गाळात रुतलेली सोंड शून्य ऑक्सिजन दाखवते आणि ते अगदी खरं वाटतं.

पाणपातळी

पाण्याखाली ठेवलेला दाब-सेन्सर दोन प्रकारचा असतो. एकाच्या केबलमधून हवेची बारीक नळी वर येते, दुसरा बंद असतो आणि त्याला वर हवेत ठेवलेल्या वेगळ्या बॅरोमीटरची जोड लागते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर पातळी १.०२ सेंमीने बदलल्यासारखी दिसते. वादळात दाब २० ने उतरतो. बॅरोमीटर बंद पडलेला असेल तर तळ्याची पातळी २० सेंमीने खोटी घटते. बॅरोमीटर सावलीत, पुराच्या वरच्या खुणेच्याही वर टांगा. हवेच्या नळीचा सेन्सर असेल तर वरच्या टोकाचं सिलिका जेल दर भेटीत बघा. नळीत दव साचलं की पातळी हळूहळू वाहवत जाते आणि तो सेन्सर बहुधा कारखान्यातच पाठवावा लागतो.

तपासणी अशी: पाइपाच्या काठावर रंगाने खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. सलग दोन मापं ३ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत मोजत राहा. मग लॉगरच्या आकड्याशी तुलना करा. फरकाचा स्वभाव पाहिला की दुखणं कळतं. फरक एकाएकी पडून तसाच राहिला, तर दोरी सरकली किंवा कुणीतरी सेन्सर काढून पुन्हा नीट बसवला नाही. हळूहळू वाढतोय, तर सेन्सर सरकतोय. पाणी खोल असताना जास्त आणि उथळ असताना कमी, तर पाण्याची घनता चुकीची दिली आहे: समुद्राचं पाणी गोड्या पाण्याच्या हिशेबाने मोजलं तर दर मीटरला सुमारे अडीच सेंमी जास्त दिसतं. सेन्सर नायलॉनच्या दोरीला टांगू नका, ती ओली होऊन ताणते. स्टीलची तार वापरा.

पाइपाची भोकं गाळाने बुजली की आतलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर हलत नाही. आधी सेन्सर चालू आहे त्या वेळेची नोंद करा, मग १ लिटर पाणी पाइपात ओता. आतला व्यास ५ सेंमी असेल तर पातळी सुमारे ५१ सेंमी चढेल. ती मूळ जागी यायला किती वेळ लागला ते लिहा. पाइप नवा असताना हीच चाचणी करून वेळ लिहून ठेवलेली असेल तर तुलना एका मिनिटात होते. घट्ट पीटमध्ये पाणी मुळातच सावकाश उतरतं, म्हणून ही पहिल्या दिवसाची नोंद नसेल तर निष्कर्ष काढता येत नाही.

आणि पाइप स्वतःच हलतो. मऊ गाळ फुगतो, दबतो, थंड प्रदेशात गोठून पाइप वर उचलतो. पाइप खालच्या घट्ट थरापर्यंत रोवलेला असावा आणि वर्षातून एकदा त्याच्या काठाची उंची पक्क्या खुणेशी लेव्हल लावून ताडून बघावी.

वीज आणि लॉगरची पेटी

दुपारी बॅटरीला मल्टिमीटर लावून १३.८ व्होल्ट बघणं म्हणजे फक्त चार्जिंग चालू आहे एवढंच कळणं. बॅटरीची तब्येत पहाटेच्या सगळ्यात कमी आकड्यात दिसते, लॉगर तो नोंदवत असतोच. पॅनल आणि भार दोन्ही तोडून काही तास विसावलेल्या १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीत १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. पहाटेचा आकडा आठवड्यागणिक उतरत असेल तर आधी पॅनल पुसा. पक्ष्यांच्या विष्ठेचा एक मोठा डाग एकाच सेलवर पडला तरी संपूर्ण पॅनलची वीज लक्षणीय घटते. पॅनल पुसूनही फरक पडला नाही तर मग बॅटरी बदला. पॅनलचा कोन थोडा जास्त तिरका ठेवला तर पाऊसच बरंचसं धुऊन नेतो.

तोडताना आधी पॅनल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. उलट केलं तर चार्ज कंट्रोलर जळू शकतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागून असावा.

पेटीत केबल खालून शिरल्या पाहिजेत, आणि शिरण्याआधी प्रत्येकीला खाली लोंबणारा झोल हवा, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या टोकाशीच ठिबकून जातं. रिकामी ग्लँड (केबल आत घ्यायचं तोंड) पुट्टीने बुजवा. मुंग्या, कोळी आणि गांधीलमाश्या तिथूनच आत जातात. प्रत्येक तारेला हलकासा हिसका द्या, सैल असेल ती हातात येते. तारांची टोकं काळी पडली असतील तर ते हायड्रोजन सल्फाइडचं काम. टोक कापून नवं सोला, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली तार वापरा. रंग बदललेलं सिलिका जेल बदला. जुनं ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवलं की पुन्हा कामाला येतं.

पर्जन्यमापक आणि हवामानाचे सेन्सर

सी-सॉसारखं डोलणाऱ्या, म्हणजे टिपिंग बकेट पद्धतीच्या पर्जन्यमापकात पानं, विष्ठा आणि जाळी अडकतात. साफ करण्याआधी त्याची तार लॉगरमधून काढा, नाहीतर हाताच्या धक्क्याचा पाऊस नोंदला जातो. बुडबुड्याची लेव्हल बघा. मग मोजून तपासा: फनेलचा व्यास २०० मिमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौ. सेंमी, ०.२ मिमीच्या एका झुक्याला ६.२८ मिली पाणी लागतं. तळाशी बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून ६२८ मिली पाणी साधारण तासाभरात ठिबकू द्या. १०० झुके यायला हवेत, ९७ ते १०३ चालतील. पाणी भराभर ओतलं तर झुके कमी भरतात, कारण बादली उलटत असताना पडलेलं पाणी मोजलंच जात नाही. झुके खरोखर कमी असतील तर बादलीखालचे दोन्ही अडसर-स्क्रू सारखेच वर घ्या, जास्त असतील तर खाली.

आर्द्रतेच्या सेन्सरभोवतीच्या पांढऱ्या थाळ्या पुसा आणि आत घरटं नाही ना ते बघा. सेन्सर तपासायला मिठाचा संपृक्त लगदा पुरतो: बंद डबीत, २५ अंशांना, मिठाच्या लगद्यावरची आर्द्रता ७५ टक्के असते. सेन्सर मिठाला टेकू न देता डबीत काही तास ठेवा. सौर किरणांच्या सेन्सरची काच नुसत्या पाण्याने, मऊ फडक्याने, नंतर लेव्हल. वाऱ्याचा पेला बोटाने हळू फिरवून सोडा, खरखर ऐकू आली किंवा झटक्यात थांबला तर बेअरिंग गेलं.

रेडॉक्स आणि वायू

रेडॉक्स, म्हणजे गाळातली ऑक्सिडीकरण-क्षपणाची स्थिती, मोजायला गाळात रोवलेली प्लॅटिनमची टोकं उपसून तपासू नका. एकदा हलवलं की भोवतीचा गाळ हवेला लागतो आणि पुन्हा स्थिर व्हायला बरेच दिवस जातात. ती रोवण्याआधीच तपासायची: पीएच ४ आणि ७ च्या द्रावणांत न विरघळलेली थोडी पूड उरेल इतकं क्विनहायड्रोन घाला, दोन्हीतल्या आकड्यांत २५ अंशांना सुमारे १७७ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा. रोवल्यानंतर फक्त संदर्भ इलेक्ट्रोड काढून दुसऱ्या चांगल्या संदर्भाशी ताडा. गाळातले आकडे संशयास्पद वाटले तर बहुतेक वेळा दोषी तोच निघतो.

वायूच्या पेट्यांची रबरी कड दर भेटीत पुसा, बोट फिरवून चीर शोधा. उघड्या मार्गाच्या वायू-विश्लेषकाच्या काचा किंवा आरसे डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि धुण्याआधी व नंतरची सिग्नलची ताकद लिहा.

किती दिवसांनी?

कोमट, खतयुक्त पाण्यात सोंडेला एक-दोन आठवड्यांनी भेट लागते, थंड आणि स्वच्छ पाण्यात चार ते सहा आठवडे निभतात. पण ठरलेल्या तारखा पाळत बसण्यापेक्षा घाणीचा आकडा बघा. वरच्या हिशेबात घाणीची चूक सलग दोन भेटींत मर्यादेबाहेर गेली तर अंतर निम्म्यावर आणा. सतत मर्यादेच्या निम्म्याखाली राहिली तर थोडं वाढवा. उन्हाळ्यात आणि पहिल्या पुरानंतर वेगळं अंतर ठेवायला हरकत नाही. पाणी आटून सोंड उघडी पडणार असं दिसलं तर ती काढूनच आणा. पीएचचा इलेक्ट्रोड कोरडा पडला की बहुतेकदा परत येत नाही. उघडी पडलेली सोंड आधीच्या डेटात शोधायची असेल तर कंडक्टिव्हिटी शून्याला आलेली दिसते.

निघताना

डेटा उतरवा, फाइल तिथेच उघडून शेवटची ओळ आजचीच आहे ना ते बघा आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवल्याशिवाय लॉगरची स्मृती पुसू नका. मूळ फाइलमध्ये कधीही बदल करायचा नाही. सगळ्या दुरुस्त्या प्रतीवर, कारणासकट. लॉगरचं घड्याळ फोनच्या वेळेशी ताडा. किती सेकंद पुढे-मागे होतं ते आधी लिहा, मग दुरुस्त करा. वर्षभर एकच प्रमाणवेळ ठेवा.

नोंदवहीत उपकरण पाण्याबाहेर काढल्याची आणि परत सोडल्याची वेळ, सेन्सरचा अनुक्रमांक, बदललेला भाग आणि द्रावणाच्या बाटलीचा क्रमांक हवाच. वर्षभराने डेटा बघणाऱ्या माणसाला साडेदहा ते सव्वाअकरा हा खड्डा कसला, हे त्या ओळीवरूनच कळणार आहे.

मग सामान आवरा, पण लगेच निघू नका. लॉगर दर १५ मिनिटांनी नोंद घेत असेल तर पुढच्या दोन नोंदी येईपर्यंत तिथेच थांबा आणि त्या तुमच्या हातमीटरच्या शेवटच्या आकड्यांशी जुळतात का ते पाहा. पर्जन्यमापकाची काढलेली तार, उलटी बसलेली ग्लँड, बंद राहिलेलं स्विच, हे सगळं याच अर्ध्या तासात सापडतं.